विस्मरणाच्या रोगावर शस्त्रक्रिया : आशा किती, पुरावा किती?

विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवकाची एक कथा आहे. वर्षावासाच्या काळात विहारात ती आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षे डोक्याचा असह्य विकार जडला होता. मोठमोठे वैद्य आले आणि हात टेकून गेले. कोणी म्हणाले, हा पाचव्या दिवशी मरणार. कोणी म्हणाले, सातव्या दिवशी. जीवकाने त्याला तपासले, शस्त्रक्रियेनंतर किती काळ पडून राहावे लागेल हे आधी विचारून घेतले, मग त्याला मंचकाला बांधून डोक्याची कातडी छेदली, कवटीचा सांधा उघडला आणि आतून दोन जिवंत किडे बाहेर काढून लोकांना दाखवले. नंतर जखम शिवून लेप लावला. श्रेष्ठी बरा झाला.

या कथेत वैद्यकाचा इतिहास किती आणि लोककथा किती, हा विद्वानांचा विषय आहे. आपण तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेऊ. जीवकाला रोगाचे कारण डोळ्यांनी दिसले, ते हाताने काढता आले, म्हणून दुःख संपले. आज आपल्या घराघरांत एक वेगळाच डोक्याचा विकार शिरला आहे. माणूस धडधाकट दिसतो, जेवतो, चालतो. पण मुलाचे नाव विसरतो, घराचा रस्ता विसरतो, शेवटी स्वतःलाही विसरतो. या विकाराला अल्झायमरचा रोग म्हणतात. त्याचा किडा काढून दाखवता येईल असा जीवक आजपर्यंत झालेला नाही. प्रयत्न मात्र पुष्कळ झाले. त्या प्रयत्नांची, म्हणजेच या रोगावरील प्रायोगिक शस्त्रक्रियांची, ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. ज्या पिढीने १९५६ साली नागपूरला किंवा त्यानंतर गावोगावी धम्मदीक्षा घेतली, ती पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. आपल्या चळवळीचा पुष्कळसा इतिहास अजून कागदावर आलेला नाही. तो या वृद्धांच्या डोक्यात आहे. त्यांचे विस्मरण हे एका घराचेच नव्हे, साऱ्या समाजाचे नुकसान आहे. शिवाय या दुःखाचा बाजार मांडणारेही आता आहेत. तेव्हा खरे काय आणि खोटे काय, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

रोगाची ओळख

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिची तपासणी केली. फुलकोबी खात असताना ती पालक खात असल्याचे सांगे. नाव लिहायला घेतले की पहिल्या शब्दानंतर पुढचे विसरून जाई. १९०६ साली तिचा मृत्यू झाला. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर अल्झायमर यांना दोन गोष्टी आढळल्या. चेतापेशींच्या मधल्या जागेत चिकट पदार्थाचे पुंजके साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्यांनी हे मांडले. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले.

त्या पुंजक्यांतील मुख्य पदार्थ अमायलॉइड आणि गुंत्यांतील पदार्थ टाऊ, ही दोन्ही प्रथिने आहेत, हे आता ज्ञात आहे. पण ही प्रथिने का साचतात आणि पेशी नेमक्या कशाने मरतात, याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. जगात स्मृतिभ्रंशाचे सुमारे ५ कोटी ७० लाख रुग्ण २०२१ साली होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतील साठ ते सत्तर टक्के अल्झायमरचे असतात. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे.

औषधे आहेत, पण त्यांची धाव मर्यादित आहे. डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांना काही काळ थोडा आधार मिळतो. लेकानेमॅब हे अमायलॉइड धुऊन काढणारे औषध अमेरिकेत २०२३ साली पूर्णपणे मान्य झाले. ते रोगाची गती थोडी मंदावते, रोग थांबवत नाही. आणि काही रुग्णांत मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

शस्त्राकडे वळण्याचे कारण

येथे विद्यार्थ्यांना साहजिकच प्रश्न पडेल की, साऱ्या मेंदूत पसरलेल्या रोगावर सुरी काय करणार? हा प्रश्न योग्यच आहे. तरीही शल्यविशारद याकडे वळले, त्याला तीन कारणे होती.

पहिले कारण असे की, मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक कडक पहारा ठेवला आहे. रक्तातील पुष्कळशी औषधे त्या पहाऱ्यातून आत जातच नाहीत. तेव्हा कवटीला लहानसे छिद्र पाडून औषध थेट आत पोचवावे, हा एक विचार. दुसरे कारण असे की, स्मरणाचे काम मेंदूच्या काही ठरावीक केंद्रांतून आणि तंतूंच्या जुड्यांतून चालते. तेवढ्याच जागी विजेने किंवा पोषक द्रव्याने चेतना द्यावी, हा दुसरा विचार. तिसरे कारण निचऱ्याचे. मेंदूतला कचरा बाहेर जात नसेल तर त्याला वाट करून द्यावी, हा तिसरा विचार. पुढील सर्व प्रयोग या तीन विचारांतून निघाले आहेत.

पंप, वपाजाल आणि नळी

१९७६ च्या सुमारास असे दिसून आले की, या रोग्यांच्या मेंदूत अॅसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य फार कमी झालेले असते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हार्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या त्वचेखाली एक लहान पंप बसवला आणि नळीने त्याच प्रकारचे काम करणारे औषध मेंदूच्या पोकळीत सोडले. १९८४ साली त्यांचा प्राथमिक अहवाल आला. घरच्या लोकांनी रुग्णात सुधारणा दिसते असे सांगितले होते. बातमी पसरली आणि असंख्य कुटुंबांना आशा वाटू लागली. मग अनेक रुग्णालयांनी मिळून ४९ रुग्णांवर रीतसर तुलना केली. कधी औषध, कधी नुसता निरुपद्रवी द्रव. १९८९ साली निकाल आला. रुग्णाच्या रोजच्या जीवनात उपयोगी पडेल असा फरक दिसला नाही, आणि हा उपचार पुढे चालवण्यासारखा नाही असे ठरले. पहिल्या अहवालात कोणी खोटे बोलले नव्हते. आशेच्या डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले.

दुसरा प्रयोग वपाजालाचा. आपल्या पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. तो रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. अमेरिकन शल्यविशारद डॉ. हॅरी गोल्डस्मिथ यांनी हा पदर मुळापासून न तोडता लांबवून, छातीच्या व मानेच्या त्वचेखालून वर नेऊन मेंदूवर पसरण्याची शस्त्रक्रिया पुरस्कारली. मेंदूला नवा रक्तपुरवठा मिळेल, ही कल्पना. काही थोड्या रुग्णांत सुधारणा झाल्याचे अहवाल आले. पण मोठ्या, तुलनात्मक चाचणीचा आधार तिला मिळाला नाही. वृद्ध रुग्णाचे पोट आणि कवटी दोन्ही उघडायची, एवढे मोठे धाडस अशा तुटपुंज्या पुराव्यावर कोणी करावे?

तिसरा प्रयोग निचऱ्याचा. मेंदूभोवती पाण्यासारखे जे मेंदूजल असते, ते वयाबरोबर सावकाश बदलले जाते आणि त्यात अमायलॉइड साचून राहते. म्हणून मेंदूच्या पोकळीतून पोटात उतरणारी बारीक नळी, म्हणजे शंट, बसवून ते जल थोडे थोडे काढावे, असे डॉ. जेराल्ड सिल्व्हरबर्ग यांनी सुचवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या लहान चाचणीत शंट बसवलेल्या गटाची घसरण थांबल्यासारखी दिसली. पुढे २१५ रुग्णांची मोठी चाचणी झाली. त्यात सर्वांना शंट बसवला, पण निम्म्यांचा मुद्दाम बंद ठेवला. रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि तपासणाऱ्याला कोणाचा चालू व कोणाचा बंद हे ठाऊक नव्हते. ९ महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. २००८ साली हा निकाल छापून आला आणि तो मार्ग तेथेच थांबला.

पोषक द्रव्य आणि जनुक

चेतापेशींना जगवणारे एक नैसर्गिक द्रव्य शरीरात असते. त्याला चेतावर्धक घटक म्हणता येईल. १९९२ साली स्वीडनमधील संशोधकांनी ६९ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूच्या पोकळीत ते सोडून पाहिले. पुढे आणखी रुग्णांवर हा प्रयोग झाला तेव्हा पाठीत वेदना आणि वजन घटणे असे त्रास झाले. द्रव्य साऱ्या मेंदूजलात पसरते, म्हणून हे होते. तेव्हा ते हव्या त्याच जागी तयार व्हावे, अशी युक्ती अमेरिकेतील सॅन दिएगो येथील डॉ. मार्क टुझिन्स्की यांनी काढली. रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांत या घटकाचे जनुक घालायचे आणि त्या पेशी सुईने मेंदूत खोलवर सोडायच्या.

२००१ साली पहिली शस्त्रक्रिया झाली. एकूण आठ रुग्ण होते. सुरुवातीला रुग्णाला पूर्ण भूल न देता अर्धवट गुंगीत ठेवले जाई. दोन रुग्ण सुई आत असतानाच हलले आणि मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांतील एकाचा पुढे मृत्यू झाला. त्यानंतर पूर्ण भूल देण्यात येऊ लागली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात घसरणीचा वेग मंदावल्याची चिन्हे नोंदवली होती. पुन्हा आशा, पुन्हा मोठी चाचणी. या वेळी जनुक वाहून नेण्यासाठी निरुपद्रवी केलेला विषाणू वापरला. ४९ रुग्ण घेतले. निम्म्यांना खरी शस्त्रक्रिया, उरलेल्यांना लटकी. २०१८ साली निकाल आला. रुग्णांना लाभ झाला नव्हता. त्यातील मरण पावलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची पुढे तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की, जनुक ज्या पेशींपर्यंत पोचायला हवे होते तेथपर्यंत ते नीट पोचलेच नव्हते. हा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे कल्पना चूक होती की नेम चुकला होता, हा प्रश्न शिल्लकच राहिला. मृत्यूनंतर मेंदू तपासू देणाऱ्या त्या कुटुंबांचे ऋण विज्ञानावर आहे.

विजेची तार

कंपवाताच्या रोगात मेंदूत बारीक तारा बसवून सौम्य विद्युत्स्पंद देण्याची पद्धत मान्य झालेली आहे आणि भारतातही ती होते. ती अल्झायमरकडे वळली, तो योगायोग वाचण्यासारखा आहे. कॅनडातील टोरांटो येथे डॉ. आंद्रेस लोझानो हे सुमारे ५० वर्षांच्या एका अतिस्थूल गृहस्थाच्या भुकेवर ताबा मिळवण्यासाठी अशी तार बसवत होते. वीज चालू करताच त्या गृहस्थाला अचानक बागेत मित्रांसोबत असल्याचा तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग डोळ्यांपुढे दिसू लागला. वीज वाढवली तसा तो प्रसंग अधिक स्पष्ट झाला. तार फोर्निक्स नावाच्या स्मरणाशी निगडित तंतूंच्या जुडीजवळ होती. २००८ साली हे प्रसिद्ध झाले.

यानंतर अल्झायमरच्या सहा रुग्णांवर पहिली चाचणी झाली. २०१० साली तिचा अहवाल आला. मेंदूचा साखरेचा वापर वाढल्यासारखे त्यात दिसले. मग ४२ रुग्णांना तारा बसवल्या आणि वर्षभर निम्म्यांची वीज चालू, निम्म्यांची बंद ठेवली. २०१६ साली आलेल्या निकालात स्मरणशक्तीच्या कसोट्यांवर दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. उलट ६५ वर्षांखालील रुग्णांची वीज चालू असताना अधिक घसरण झाल्यासारखी दिसली. ६५ वर्षांवरील रुग्णांत थोडा लाभ असावा अशी शक्यता दिसली. ती शक्यता आहे, सिद्ध झालेली बाब नव्हे.

सुरीविना प्रयोग आणि मानेतील प्रयोग

अलीकडे कवटी न उघडताच, शिरस्त्राणासारख्या यंत्रातून श्राव्यातीत ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटण्याचे तंत्र आले आहे. रक्तात सूक्ष्म बुडबुडे सोडतात, ध्वनीने ते थरथरतात आणि त्या जागचा पहारा काही तास सैल होतो. टोरांटो येथे पाच रुग्णांवर हे करून पाहिले आणि ते सुरक्षितपणे करता येते व पहारा पुन्हा पूर्ववत होतो, असे २०१८ साली जाहीर झाले. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया येथे तीन रुग्णांना अमायलॉइडविरोधी औषधासोबत हे तंत्र दिले. ध्वनी दिलेल्या भागातील अमायलॉइड इतर भागापेक्षा अधिक घटले, असे २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. पण पुंजके घटणे वेगळे आणि माणसाला आपली लेक पुन्हा ओळखू येणे वेगळे. तीन रुग्णांवरून हे दुसरे सांगता येत नाही.

शेवटचा प्रयोग चीनमधील. मेंदूतील कचरा मानेतील लसीकावाहिन्यांतून बाहेर जातो, हे गेल्या काही वर्षांतील संशोधनातून स्पष्ट होत आले आहे. त्या आधारे मानेतील खोल लसीकावाहिन्या जवळच्या शिरेला जोडण्याची अतिसूक्ष्म शस्त्रक्रिया चीनमधील अनेक रुग्णालयांत सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण बोलू लागला, हसू लागला, अशा चित्रफिती फिरू लागल्या. जुलै २०२५ मध्ये चीनच्या राष्ट्रीय आरोग्य आयोगाने अल्झायमरसाठी ही शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली. सुरक्षितता आणि उपयोग यांचा भक्कम पुरावा नाही, हे त्याचे कारण. कल्पना कितीही पटणारी असली तरी पुराव्याआधी ती विकता कामा नये, हा त्याचा बोध.

लटकी शस्त्रक्रिया कशासाठी?

वरील वाचनात लटक्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आला. आजारी वृद्धाच्या डोक्याला छिद्र पाडायचे आणि आत काहीच करायचे नाही, हा अमानुषपणा नव्हे काय? कित्येक विचारवंतांनी हा आक्षेप घेतला आहे आणि तो टाळता येत नाही.

पण दुसरी बाजू पाहा. १९५० च्या दशकात हृदयविकाराच्या कळांवर छातीतील एक रोहिणी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. पुष्कळ रुग्ण बरे वाटते म्हणत. १९५९ साली डॉ. लिओनार्ड कॉब यांनी काही रुग्णांची रोहिणी बांधली आणि काहींच्या छातीवर फक्त कातडीचा छेद घेतला. दोन्ही गटांना सारखेच बरे वाटले! त्या शोधामुळे पुढील हजारो लोक निरर्थक शस्त्रक्रियेतून वाचले. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९३५ साली मनोरुग्णांच्या मेंदूतील तंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली, तेव्हा अशी कसोटी कोणी लावली नाही. १९४९ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. तोवर आणि त्यानंतरही असंख्य जीव कायमचे मंद झाले. तेव्हा रुग्णाला आधी सर्व समजावून, त्याची खरी संमती घेऊन, कमीत कमी इजा होईल अशा रीतीने कसोटी लावणे हे करुणेच्या विरुद्ध नाही.

मात्र खरी अडचण संमतीचीच आहे. ज्याची समजच ओसरत चालली आहे त्याची संमती कशी घ्यायची? म्हणून अशा चाचण्या बहुधा रोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, रुग्णाला स्वतःला निर्णय कळतो तोवर केल्या जातात, आणि जवळच्या नातलगालाही त्यात सामील करून घेतले जाते.

ज्या विस्मरणावर खरोखर शस्त्रक्रिया आहे

एवढे वाचून कोणी असे समजू नये की, म्हातारपणच्या विसराळूपणात शल्यविशारदाचे काही कामच नाही. प्रत्येक विस्मरण अल्झायमर नसते. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसर पडणे, ही तीन लक्षणे एकत्र असतील तर मेंदूच्या पोकळीत जल साठल्याचा विकार असू शकतो. कोलंबियातील डॉ. सालोमोन हाकिम यांनी १९६५ साली त्याचे वर्णन केले. येथे शंटचा उपयोग होतो. विशेषतः चालणे सुधारते. डोक्याला किरकोळ मार लागल्यावर काही आठवड्यांनी कवटीखाली रक्त साकळूनही वृद्ध माणूस गोंधळल्यासारखा वागतो. ते रक्त काढल्यावर पुष्कळदा तो सावरतो. याखेरीज बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, खिन्नता किंवा चुकीची औषधे यांनीही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. तेव्हा आई-वडील विसरू लागले की "वयच झाले" म्हणून गप्प बसू नये. मेंदूविकारतज्ज्ञाकडून रक्ततपासणी आणि मेंदूचे छायाचित्रण अवश्य करून घ्यावे.

कालामांना दिलेली शिकवण आणि आपण

मी बँकेत नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एक सेवानिवृत्त काका मुदतठेव मोडायला माझ्या खिडकीशी आले. रक्कम साडेचार लाखांची होती, मुदत संपायला सात महिने होते. काकूंना अल्झायमर आहे, परराज्यातील एका केंद्रात नवी शस्त्रक्रिया करून मेंदूत पेशी सोडतात, जाहिरातीत बरे झालेले लोक दाखवले आहेत, असे त्यांनी सांगितले. पैसे त्यांचे, नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. तरी मी एवढेच म्हणालो, "काका, फॉर्म देतो. पण त्यांना चार प्रश्न विचारा आणि मग सही करा." काकांनी तेथूनच फोन लावला. पलीकडच्या माणसाने एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर दिले नाही; उलट या आठवड्यात पैसे भरल्यास सवलत आहे, असे सांगितले. काकांनी फॉर्म घडी करून खिशात ठेवला. काकू बऱ्या झाल्या असे मी लिहू शकत नाही. त्या आता काकांनाही ओळखत नाहीत. मात्र त्या ठेवीतून दिवसभर सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघतो आणि काकांना रात्रीची झोप मिळते.

ते चार प्रश्न असे :

१) हा मान्य उपचार आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर भारतीय वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे काय, आणि नोंदणी क्रमांक कोणता?

२) कोणत्या नैतिकता समितीने त्याला मंजुरी दिली आहे? अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे लेखी आहे काय?

३) खऱ्या प्रयोगाचा खर्च सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. मग हे लाखो रुपये कशाचे?

४) ज्यांना उपचार दिला आणि ज्यांना दिला नाही, अशा दोन गटांची तुलना कोठे प्रसिद्ध झाली आहे? की फक्त बरे झालेल्यांच्या चित्रफितीच आहेत?

मूळपेशींविषयी तर स्वतंत्रच सांगितले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांपुरताच त्यांचा वापर मान्य धरला होता. इतर रोगांवर पैसे घेऊन उपचार म्हणून त्या देणे त्या तत्त्वांत बसत नाही.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच शिकवले होते. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, तर्काला गोड वाटते म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका. ती हितकारक आहे की अहितकारक हे स्वतः पारखून घ्या. वर सांगितलेल्या प्रत्येक प्रयोगात तर्क गोड होता आणि सांगणारे विद्वान होते. कसोटीला लावल्यावर मात्र ते टिकले नाहीत. यात विज्ञानाचा पराभव नाही. आपलीच आवडती कल्पना स्वतःहून कसोटीला लावायची आणि निकाल विरुद्ध गेला तरी तो छापायचा, यालाच खरा बुद्धिवाद म्हणतात. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म याच वाटेचा आहे.

शस्त्र थांबते तेथे

चार आर्यसत्यांच्या क्रमात दुःखानंतर दुःखाचे कारण येते आणि मगच निरोध. या रोगात दुःख आपल्याला कळले आहे, कारण अर्धेच कळले आहे; म्हणून निरोधाचा मार्गही अजून सापडायचा आहे. तो सापडेल, अशी आशा बाळगायला हरकत नाही. विद्यार्थ्यांनो, तुमच्यातूनच कोणी मेंदूविज्ञान शिकावे, ही अपेक्षा या समाजाने का करू नये?

तोवर काय? विनयातच आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले आणि उचलून मंचकावर ठेवले. नंतर संघाला त्यांनी समज दिली की, तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्या वेळी तथागतांजवळ औषध होते की नव्हते, याचा उल्लेखही तेथे मुख्य नाही.

आपल्या संस्थेने एवढे तरी करावे. परिसरात अशी किती घरे आहेत याची यादी करावी. आठवड्यातून एक दुपार दोन तरुणांनी त्या वृद्धाजवळ बसावे, म्हणजे घरच्या सुनेला किंवा लेकीला बाजारात तरी जाता येईल. रुग्णाच्या खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी. त्याच त्याच प्रश्नाला न चिडता उत्तर द्यावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे, ती फलकावर लिहून ठेवावी. आणि ज्यांची स्मृती अजून शाबूत आहे त्या वडीलधाऱ्यांकडून १९५६ च्या आठवणी आजच लिहून घ्याव्यात.

स्वतःचे नाव विसरलेला माणूसही हातावर हात ठेवला की शांत होतो, हे मी काकूंच्या घरी पाहिले आहे. तो हात ठेवण्यासाठी कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!